एका फॉर्मची बारा वर्षं

आम्हा आयटीवाल्यांच्या तोंडी ‘पेपरलेस’ हा शब्द फार सहज येतो. एक डेटाबेस, त्यावर चार स्क्रीन, दोन सिस्टिमच्या मध्ये एक इंटरफेस. झालं पेपरलेस! या समजुतीला चांगलाच धक्का देणारी एक गोष्ट आज सांगणार आहे. गोष्ट आहे एका सरकारी फॉर्मची. नाव ‘फॉर्म डी’. हा एक फॉर्म कागदाऐवजी कॉम्प्युटरवरून शेजारच्या देशात पाठवायचा, एवढ्यासाठी आग्नेय आशियातल्या देशांना करारावर सही झाल्यापासून १२ वर्षं लागली. आणि माझं म्हणणं असं, की ती १२ वर्षं वाया गेली नाहीत.

पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

२६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन नावाच्या एका अमेरिकन ट्रकवाल्याने ‘आयडियल एक्स’ या जहाजावर ५८ डबे चढवले आणि न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवले. कंटेनरचा जमाना इथून सुरू झाला. सुट्टा माल हमालांकरवी जहाजात भरायला त्या काळी टनामागे जवळपास ६ डॉलर लागत. मॅकलीनचा हिशोब १६ सेंटांवर आला. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत बंदरं बदलली, क्रेन बदलल्या, जहाजं अवाढव्य झाली. बदलला नाही तो कागद. माल निघाला की त्याच्यामागे इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, उगमाचा दाखला, विमा, बिल ऑफ लेडिंग अशी वरात निघायचीच. जवळच्या दोन बंदरांमध्ये तर माल आधी पोचायचा आणि कागद कुठेतरी टपालात असायचे. म्हणजे नवरदेव मांडवात आणि मुहूर्ताची चिठ्ठी वाटेत!

यावर पहिला गंभीर विचार केला तो सैन्याने. १९४८ मध्ये सोव्हिएत रशियाने पश्चिम बर्लिनची नाकेबंदी केली, तेव्हा अख्ख्या शहराला विमानाने धान्य आणि कोळसा पुरवायची वेळ आली. मालाच्या याद्या वेगवेगळ्या नमुन्यांत येत. तिथे काम करणाऱ्या एड गिल्बर्ट या अमेरिकन लष्करी माणसाने मग यादीचा एकच ठरावीक नमुना बनवला, जो टेलेक्सवरूनही धाडता येईल. यालाच पुढे ‘ईडीआय’ म्हणू लागले. १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली ‘एडिफॅक्ट’ हे प्रमाण आलं. थोडक्यात काय, तर संदेशाची भाषा ठरली. म्हणजे तांत्रिक प्रश्न १९८७ मध्येच बराचसा सुटला होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता सिंगापूर. १९८५ मध्ये या देशाला स्वातंत्र्यानंतरची पहिली मोठी मंदी बसली. ज्याचं पोटच बंदरावर चालतं, त्याने स्वस्त मजुरीच्या जोरावर शेजाऱ्यांशी किती दिवस स्पर्धा करायची? मग ठरलं, की आपण वेग विकायचा. १९८४ मध्ये बंदर प्राधिकरणाने ‘पोर्टनेट’ आणलंच होतं. आता आयात-निर्यातीच्या सगळ्या परवान्यांसाठी एकच खिडकी करायचं काम सुरू झालं. पूर्वी क्लिअरिंग एजंटांची माणसं फॉर्मचे गठ्ठे घेऊन या खात्याच्या काउंटरवरून त्या खात्याच्या काउंटरवर फिरायची. परवाना मिळायला काही दिवस जायचे. १ जानेवारी १९८९ रोजी ‘ट्रेडनेट’ सुरू झालं आणि हेच काम साधारण पंधरा मिनिटांवर आलं. शुल्कसुद्धा थेट बँक खात्यातून वळतं व्हायचं.

योगायोग बघा. त्याच १९८९ च्या मे महिन्यात आपल्याकडे उरणजवळ न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं. आपल्या कस्टम्सची ईडीआय प्रणाली मात्र १९९५ मध्ये दिल्लीत आली.

ट्रेडनेट एवढ्या झटपट का झालं? सिंगापूरच्या लोकांना आपल्यापेक्षा चांगलं प्रोग्रामिंग येत होतं म्हणून नव्हे. एकच सरकार, एकच कायदा, एकच बंदर आणि डोक्यावर मंदीची टांगती तलवार. ‘उद्यापासून हे असं’ म्हणणारा एकच माणूस होता. हाँगकाँगमध्ये ‘ट्रेडलिंक’ ही कंपनी १९८८ मध्ये स्थापन झाली, पण तिथे सरकार, बँका, व्यापारी अशा सगळ्यांना बरोबर घेत सेवा सुरू व्हायला १९९७ उजाडलं.

एका शहरात ही कथा, मग दहा देशांचं काय?

तर आता आपला फॉर्म डी. १९९२ मध्ये आसियान देशांनी आपसातलं आयात शुल्क कमी करायचा करार केला. सवलत मिळायची तर माल खरोखर आसियानमध्येच बनलाय हे दाखवावं लागतं. साधारण नियम असा, की किमतीचा किमान ४० टक्के भाग सदस्य देशांतला हवा. त्याचा दाखला म्हणजे फॉर्म डी. एक मूळ प्रत, दोन कार्बन कॉपी. मूळ प्रत आयातदाराकडे जाणार. तिथला कस्टम्स अधिकारी काय करणार? दुसऱ्या देशाने पाठवलेल्या सह्यांच्या आणि शिक्क्यांच्या नमुन्यांशी ती सही ताडून बघणार. सही थोडी वाकडी आली, शिक्का पुसट उमटला, की शंका. शंका आली की सवलत अडकली, आणि माल गोदीत भाडं भरत बसला. मोठ्या कंपनीला हे परवडतं. दोन कंटेनरवर धंदा करणाऱ्याला नाही.

डिसेंबर २००५ मध्ये क्वालालंपूरला ‘आसियान सिंगल विंडो’चा करार झाला. ब्रुनेई, इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि थायलंड या सहा देशांनी २००८ पर्यंत, तर कंबोडिया, लाओस, म्यानमार आणि व्हिएतनाम या चौघांनी २०१२ पर्यंत आपापली खिडकी उघडायची असं ठरलं. दोन्ही तारखा हुकल्या. प्रत्यक्षात १ जानेवारी २०१८ रोजी इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर, थायलंड आणि व्हिएतनाम यांच्यात इलेक्ट्रॉनिक फॉर्म डी सुरू झाला. गंमत म्हणजे ज्याला जास्तीची चार वर्षं दिली होती तो व्हिएतनाम पहिल्या पाचात, आणि ब्रुनेई-फिलिपिन्स नंतर! २०२० मध्ये तेव्हाचे दहाही सदस्य जोडले गेले.

आता तुम्ही म्हणाल, एक एक्सएमएल फाइल इकडून तिकडे पाठवायला १२ वर्षं? आपल्याकडे असा प्रोजेक्ट असता तर मॅनेजरला घरी बसवलं असतं.

पण अडचणी कुठल्या होत्या ते बघा. पहिली, प्रत्येक देशाच्या घरातलीच खाती एकमेकांशी बोलत नव्हती. दाखला देणारं व्यापार मंत्रालय, तपासणारं कस्टम्स. आधी घर, मग शेजार. दुसरी, कायदा. फाइल पोचली, पण उद्या कोर्टात ती पुरावा म्हणून चालेल का? कोणी खोटा दाखला दिला तर जबाबदार कोण? मालाची माहिती किती गुप्त ठेवायची? या कायदेशीर चौकटीच्या मसुद्यावर सह्या व्हायलाच २०१५ उजाडलं. आणि तिसरी, सर्वात नाजूक. सर्व्हर कोणाच्या घरी?

याचं उत्तर त्यांनी असं काढलं, की कोणाच्याच नाही. मजकूर साठवणारा मध्यवर्ती सर्व्हर ठेवलाच नाही. प्रत्येक देशाचं आपलं गेटवे आणि दस्तऐवज थेट एका देशाकडून दुसऱ्याकडे. डिझाइन म्हणून हे किचकट, टेस्टिंगला डोकेदुखी. पण इंडोनेशियाचा व्यापार सिंगापूरच्या मशीनमध्ये दिसतोय, अशी तक्रार करायला जागाच उरली नाही.

याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. २०१४ मध्ये मर्स्क या जहाज कंपनीने पूर्व आफ्रिकेतून युरोपला जाणाऱ्या एका साध्या शीतमालाचा माग काढला. सुमारे ३० माणसं आणि संस्था, आणि आपसात २०० हून जास्त देवाणघेवाणी! मग मर्स्क आणि आयबीएमने ब्लॉकचेनवर ‘ट्रेडलेन्स’ उभारलं. २०१८ मध्ये गाजावाजा झाला. पैसा होता, हुशार लोक होते, पुढे काही स्पर्धक कंपन्याही आल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर झालं. कारण कंपनीनेच दिलं: संपूर्ण उद्योगाचं जसं सहकार्य हवं होतं तसं मिळालं नाही. माझ्या मते गोम मालकीत होती. प्रतिस्पर्ध्याच्या वहीत आपला हिशोब लिहायला कोणाला आवडेल?

रखडलेला फॉर्म डी चालू आहे, चकचकीत ट्रेडलेन्स गेलं. म्हणून म्हटलं, ती १२ वर्षं वाया गेली नाहीत. वायरिंगपेक्षा विश्वासाला वेळ लागतो, आणि तो आऊटसोर्स करता येत नाही.

याचा आपल्याशी संबंध काय? आपल्याकडेही २०१६ मध्ये कस्टम्सची एक खिडकी झाली, पुढे ‘ई-संचित’वर कागदपत्रं अपलोड करायची सोय आली. पण कागद स्कॅन करून चढवणं म्हणजे कागदाचा फोटो काढणं. सीमेपलीकडच्या देशाने पाठवलेला डेटा आपण मूळ दस्तऐवज म्हणून स्वीकारणं, आणि आपला त्याने स्वीकारणं, ही पुढची पायरी आहे. त्यासाठीचा आशिया-पॅसिफिकचा करार २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मंचावर झाला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये पाच देशांच्या बळावर लागू झाला. त्यात बांगलादेश होता, चीन होता.

शिवाय बिल ऑफ लेडिंग आहेच. ट्रकवाल्यांची बिल्टी असते ना, तिची ही समुद्रावरची थोरली बहीण. फरक एवढाच, की हा कागद ज्याच्या हातात, माल त्याचा. मग जी गोष्ट हातात धरताच येत नाही, ती ‘हातात’ आहे हे कायद्याने कसं मानायचं? ब्रिटनने २०२३ मध्ये खास कायदा करून इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजालाही ताबा लागू केला. आपला बिल ऑफ लेडिंगचा कायदा १८५६ चा, म्हणजे सत्तावनच्या उठावाच्याही आधीचा. तो २०२५ मध्ये बदलला.

असो. पुढच्या वेळी कोणी ‘हे तर दोन महिन्यांत पेपरलेस करून टाकू’ म्हणालं, तर कुठलं टूल वापरणार हे नंतर विचारा. आधी विचारा, की वादावादी झाली तर कोणाची प्रत खरी मानायची हे ठरलंय का. ते ठरलं नसेल, तर दोन महिन्यांनी प्रिंटर पुन्हा सुरू होणार हे नक्की.