सव्वीस मावळे आणि एक तांबडा रंग

इतिहास दोन प्रकारचा असतो. एक बखरीतला आणि दुसरा दिवाळीतल्या किल्ल्यावरचा. पहिल्याबद्दल विद्वानांत मतभेद असतात, दुसऱ्याबद्दल घरात! आमच्या मुळशी तालुक्यात तर या दुसऱ्या इतिहासाला विशेष धार. बारा मावळांतलं पौड मावळ ते हेच. तेव्हा अंगणातल्या किल्ल्यावर पहाऱ्याला उभे राहणारे मातीचे मावळे म्हणजे आमचे गाववालेच.

आमच्या घरी असे सव्वीस मावळे आहेत. काही माझ्या लहानपणी पुण्याच्या कुंभारवाड्यातून आणलेले, काही मुलांच्या वेळचे, बाकीचे नातीच्या हट्टाचे. वर्षभर माळ्यावर निजतात आणि वसुबारसेला उठतात ते कुणी हात गमावून, कुणी ढाल. हात चिकटवता येतो हो! पंचाईत होते ती रंगाची. जुन्या तुकडीचा अंगरखा ज्या तांबड्या रंगाचा, तो आता मिळत नाही. दुकानदार म्हणतो, "काका, सेम टु सेम!" पण लावून पाहावा तर एक मावळा लढाईला आणि शेजारचा लग्नाला निघालेला दिसतो.

रंग असे नाहीसे होतात ते काही आजच नव्हे. पोथ्या लिहिणारे चुकलेल्या अक्षरावर पिवळाधमक हरताळ फासत. हा सोमलाच्या गोत्रातला, म्हणजे विषच. पोथ्यांबरोबर तो गेला, वाक्प्रचार तेवढा मागे राहिला. बिहारात मुंगेरजवळ मिर्झापूर गावी गाईंना आंब्याची पानं खाऊ घालून त्यांच्या मूत्रापासून एक सुंदर पिवळा रंग करीत. 1883 मध्ये त्रैलोक्यनाथ मुखर्जींनी त्याची हकीकत लिहून ठेवली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो रंग बंद पडला. चित्रकार हळहळले, गाईंचं मत कुणी विचारलं नाही.

कधी रंग राहतो आणि नाव जातं. अमेरिकेत क्रेयोलाच्या खडूंत 'इंडियन रेड' नावाचा एक खडू होता. नाव पडलं होतं आपल्याकडच्या गेरूसारख्या लाल मातीवरून, पण मुलांना तो तिथल्या आदिवासींच्या कातडीचा रंग वाटेल, म्हणून 1999 मध्ये त्याचं बारसं पुन्हा झालं आणि तो 'चेस्टनट' झाला. इंग्लंडात चिमुकले सैनिक रंगवणारे थोर गृहस्थ आहेत. त्यांच्या 'सिटाडेल' रंगांची यादीच 2012 मध्ये पालटली, तेव्हा जुन्या डबीला नवी कोणती जुळते याची कोष्टकं घरोघर निघाली. पत्रिका जुळवण्याचा नाद फक्त आपल्यालाच आहे असं नव्हे!

जुळवणं सोपंही नसतं. ओला रंग वाळला की बदलतो. दुकानातल्या दिव्याखाली सख्खे भाऊ वाटणारे दोन रंग अंगणातल्या उन्हात चुलत निघतात, कारण दोन्हींतली द्रव्यं वेगळी असतात आणि उजेड बदलला की त्यांचं पितळ उघडं पडतं. शिवाय जुना मावळा इतक्या वर्षांत विटलेला. म्हणजे आपण शोधतो तो रंग डबीत कधी नव्हताच. तेव्हा पुठ्ठ्यावर लावून, वाळवून, उन्हात पाहावं. नव्या तांबड्यात किंचित गेरू घातला की काम पुष्कळसं भागतं.

एवढं शिकल्यावर नातीनं विचारलं, "आजोबा, मग तो जुनाच रंग परत का नाही करत?"

उत्तर गमतीचं नाही. जुन्या तेजस्वी तांबड्या-पिवळ्या रंगांत शिसं असणं नवलाचं नव्हतं. आपला शेंदूर तर शिशाचाच. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालतं. घरगुती रंगांत दशलक्ष भागांत 90 भागांहून जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडे 2016 मध्ये झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून तसे रंग बनवायला बंदी आली. मावळ्याचं तेज किंचित उतरलं, पण मावळा हातात घेऊन तेच बोट तोंडात घालणारं पोर वाचणार असेल तर तो तांबडा गेला हेच बरं.

म्हणून जुन्या तुकडीला आम्ही बढती दिली आहे. त्यांचा रंग खरवडायचा नाही, घासायचा नाही. त्यांनी गडाच्या माथ्यावर, लहान हातांपासून दूर उभं राहायचं. पायथा नव्यांनी सांभाळायचा. तांबडे दोन दिसतात खरे. दिसेनात! महाराजांच्या मावळ्यांना तरी एका ठाणातून कापलेला गणवेश कुठे होता?