केल्मस्कॉटचा वाडा आणि त्याचे भाडेकरू

वाड्याचा इतिहास म्हणजे मालकांची वंशावळ, अशी आपली समजूत असते. आज ज्या वाड्याची हकीकत मी सांगणार आहे, तो नावारूपाला आला तो मालकामुळे नव्हे, भाडेकरूमुळे.

हा वाडा इंग्लंडात, थेम्स नदीच्या वरच्या काठी, केल्मस्कॉट नावाच्या खेड्यात आहे. त्याला 'मॅनर', म्हणजे वतनदाराचा वाडा, म्हणतात. परंतु सुमारे १६०० साली तो बांधला टर्नर नावाच्या शेतकरी घराण्याने. वतनदारीचे नाव त्याला पुढे एकोणिसाव्या शतकात चिकटले.

१८७१ साली कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस याने चित्रकार रोझेटीच्या भागीदारीत हा वाडा भाड्याने घेतला. रोझेटी १८७४ साली निघून गेला. मॉरिसचे कुटुंब राहिले. त्याचा व्यवसाय लंडनमध्ये होता, पण सवड मिळाली की तो इथे येई. छपरावरच्या दगडी पाट्या वळचणीशी मोठ्या, आणि आढ्याकडे जावे तसतशा लहान होत गेलेल्या. त्या पाहून तो हरखून जाई. ज्या गवंड्यांनी त्या बसविल्या त्यांची नावे आपल्याला कोणी सांगत नाही; त्यांचा हात मात्र अजून दिसतो.

मॉरिसची उजळ बाजू तेवढी सांगणे हा इतिहास नव्हे. त्याच्या वडिलांनी डेव्हन परगण्यातील तांब्याच्या खाणीचे भाग घेतले होते, आणि त्या नफ्यावर त्याचे तारुण्य सुखात गेले. ज्या साली त्याने वाडा घेतला, त्याच साली तो त्या खाणीचा संचालक झाला. त्या खाणीतून सोमलही निघे. काही वर्षांनी त्याने ती जागा सोडली, आणि १८८३ साली तो समाजवाद्यांना मिळून रस्त्यावर उभा राहून भाषणे करू लागला. १८९० साली लिहिलेल्या 'न्यूज फ्रॉम नोव्हेअर' या कादंबरीत धनी-चाकर नसलेला समाज त्याने रंगविला. त्यातला नौकाप्रवास याच वाड्याशी येऊन संपतो.

मी आयुष्यभर कामगार संघटनेचे काम केले. पगार मागितला, कामाचे तास कमी करून मागितले. ते मागितलेच पाहिजेत. पण काम करताना माणसाला आनंद मिळावा, हे कलम आमच्या मागणीपत्रात मी कधी घातले नाही. मॉरिसने ते घातले, आणि ते त्याला त्या अनाम गवंड्यांनी शिकविले होते.

१८९६ साली मॉरिस वारला. विलोच्या डहाळ्यांनी सजविलेल्या शेतगाडीतून त्याला केल्मस्कॉटच्या दफनभूमीत नेले. वाडा त्याच्या पत्नीने, जेनने, १९१३ साली विकत घेतला, तोवर त्याला जाऊन सतरा वर्षे झाली होती. भरतकामात निपुण असलेली त्यांची कन्या मे तिथे १९३८ पर्यंत, मरेपर्यंत राहिली. १९६२ पासून लंडनची पुराणवस्तू संशोधकांची संस्था वाडा सांभाळीत आहे, आणि सामान्य माणसाला तो आतून पाहता येतो.

तिथे कोणी गेलात, तर आधी मान वर करून छप्पर पाहा.