शेळीचं गर्भाशय आणि कारणाचा शोध

तर्कशास्त्र म्हटलं की आपल्याला धूर आणि अग्नी आठवतात. आज तेच तर्कशास्त्र आपण शेळीच्या दावणीपर्यंत नेऊ. नांदेड-लातूरकडे लाल कंधारी आणि देवणी या गाईबैलांचा लौकिक मोठा. पण ज्याला जमीन नाही, त्याच्या दारात शेळी असते. तीही बहुधा उस्मानाबादी, काळी, जुळी करडं देणारी. तिच्या मूळ पट्ट्यातले लातूर आणि उदगीर हे तालुके १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातच होते.

कारण ठरवण्याच्या दोन वाटा न्यायशास्त्र सांगतं. अन्वय म्हणजे ‘हे असेल तर ते होतं’. व्यतिरेक म्हणजे ‘हे नसेल तर ते होत नाही’. गर्भ कशामुळे टिकतो, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी याच वाटांनी सोडवला. १९०३ मध्ये जर्मनीत लुडविग फ्रेंकेल यांनी गाभण सशांच्या बीजकोशातले पीतपिंड जाळून टाकले. गर्भ टिकला नाही. हा व्यतिरेक. १९२९ मध्ये अमेरिकेत कॉर्नर आणि ॲलन यांनी बीजकोश काढलेल्या सशांना पीतपिंडाचा अर्क दिला, गर्भ टिकला. हा अन्वय. १९३४ मध्ये त्या अर्कातलं द्रव्य शुद्ध रूपात हाती आलं. तेच प्रोजेस्टेरॉन.

हे संप्रेरक करतं काय? माजाच्या वेळी इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाच्या अस्तराची वाढ होते, रक्तपुरवठा वाढतो. मग प्रोजेस्टेरॉन येतं. अस्तरातल्या ग्रंथी पोषक स्राव देऊ लागतात आणि स्नायू शांत राहतात.

यानंतर तिसरी वाट निघाली. १९८० मध्ये फ्रान्समधल्या रूसेल-उक्लाफ कंपनीत आरयू-४८६ हे औषध तयार झालं. ते प्रोजेस्टेरॉन नष्ट करत नाही. गर्भाशयाच्या पेशींत ते जिथे बसायचं, ती जागाच अडवतं. निरोप आला, पण ऐकणारा बहिरा! म्हणजे कारण नुसत्या द्रव्यात नसतं, ते घेणाऱ्या ऊतीतही असतं. हा विचार तत्त्वज्ञानालाही नवा धडा देणारा आहे.

आता व्याप्तीचा प्रश्न. सशात दिसलं ते सगळीकडे लागू होतं का? मेंढीत सुमारे दोन महिन्यांनंतर वारच पुरेसं प्रोजेस्टेरॉन बनवते. पीतपिंड गेला तरी गर्भ राहतो. शेळीत तसं नाही. तिच्या गाभणकाळाचे जवळपास १५० दिवस सगळी भिस्त पीतपिंडावरच असते. शेळ्या-मेंढ्या आपण एका दमात म्हणतो, एका कळपात चारतो. पण इथे त्यांची वाट वेगळी होते.

याचा व्यवहार बघा. शेळ्या एकाच वेळी माजावर आणायला प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन देतात. ते पीतपिंड मोडतं. शेळी गाभण असेल, तर चौथ्या महिन्यातही ती गाभडते. म्हणून आधी तपासणी, मग सुई. ‘मेंढीला काही झालं नाही’ हे अनुमान इथे चालत नाही. एका शेळीवर ज्या बाईचं घर चालतं, तिच्यासाठी ही चुकीची व्याप्ती म्हणजे दोन करडं आणि एका वेताचं दूध.

इथे थांबू. प्रश्न असतील तर घेऊ.