मास्तर घडतो कसा?

आपल्यातल्या कितीतरी घरांत कुणी मुलगा, मुलगी किंवा सून डी.एड., बी.एड. झालेली आहे. पाठाचे टाचण, रंगीत तक्ते, सराव पाठाला वर्गात मागे येऊन बसणारे निरीक्षक, हे सारे त्यांना तोंडपाठ. पण पोरांना शिकवण्याआधी मास्तराला शिकवावे लागते, हा विचार आपल्या माणसांनी कसा मांडला, ते फारसे कुणी सांगत नाही. म्हणून हा थोडका इतिहास आम्ही इथे देत आहोत.

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले म्हटले की आपल्याला शेणाचे गोळे आठवतात. पण त्यांनी अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले होते, हे आपण विसरतो. अहमदनगरला मिस फरार आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे त्या शिकल्या. त्यांच्याजवळ नुसते धाडस नव्हते, तयारीही होती.

पुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिले. प्राथमिक शाळांतले जवळजवळ सगळे शिक्षक ब्राह्मण, त्यात ट्रेनिंग झालेले थोडेच, आणि पगार दहा रुपयांच्या वर क्वचितच, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांची मागणी काय होती? मास्तर ट्रेनिंग घेतलेला असावा. तो शेतकरी वर्गातला असावा, म्हणजे लोकांत मिसळेल, त्यांच्या गरजा ओळखेल. ट्रेनिंगमध्ये नेहमीच्या विषयांबरोबर शेतीचे आणि आरोग्याचे ज्ञान असावे. पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावी पंधरा ते वीस असावा. शिकवायचे कसे, याच्याइतकेच शिकवायचे कुणाला, हेही मास्तराला कळले पाहिजे, हा त्यामागचा विचार.

याचे फळ आपण एका घरात पाहिले. सुभेदार रामजी सकपाळ पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये तयार झालेले शिक्षक. लष्करी शाळेत चौदा वर्षे ते हेडमास्तर होते. परळच्या चाळीतल्या एका खोलीत, रात्री दोनला उठवून ते भीमरावांना अभ्यासाला बसवीत. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले, त्यामागे हा ट्रेनिंग झालेला बाप होता!

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरे एका पंगतीत जेवत. त्याच कर्मवीरांनी १९३५ साली साताऱ्यात खेड्यांतल्या शाळांसाठी शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज काढले.

आता पदविका आली, आंतरवासिता आली, २०१३ पासून राज्यात शिक्षक पात्रता परीक्षाही आली. परीक्षा हवीच. पण कोणते पोर उपाशी आले, कोण आडनाव सांगताना अडखळते, हे ओळखता येते का, ते पेपरात कसे कळणार? ते कुणी शिकवायचे?

आमच्या छात्राध्यापक मुलामुलींनो, टाचण नीट काढाच. पण शाळेत गेल्यावर मागच्या बाकावरच्या पोराचे नाव आधी विचारा, त्याची वस्ती एकदा पाहून या. आणि आयाबायांनो, बापांनो, शाळेत जाऊन मास्तरांना भेटत जा. जोतीरावांची १८८२ सालची मागणी पुरी करायची, तर ते काम आपल्यालाच करावे लागेल.