सिंगापूरने कोंबड्या सोडल्या, पण मेथिओनीन धरले

१ जून २०२२ रोजी मलेशियाने कोंबड्यांची निर्यात थांबवली, तेव्हा सिंगापुरातल्या हॉकर सेंटरांमध्ये चिकन राइसवाल्यांपुढे प्रश्न उभा राहिला. इथली सुमारे एक तृतीयांश कोंबडी मलेशियातून येत होती, तीही बहुतेक जिवंत. मलेशियातच टंचाई होती आणि भाव भडकले होते. शेजाऱ्याने दार लावले की आपले ताट रिकामे होते, हे या शहराला त्या महिन्यात पुन्हा कळले.

पूर्वी अशी स्थिती नव्हती. साठ-सत्तरच्या दशकांत इथल्या कांपोंगांमध्ये, म्हणजे जुन्या वस्त्यांमध्ये, कोंबड्या आणि डुकरे पाळली जात. पुढे जमीन घरांना आणि कारखान्यांना लागली. १९८४मध्ये सरकारने वराहपालन बंद करायचे ठरवले आणि मांसाच्या कोंबड्यांची फार्मही हळूहळू गेली. आज अंड्यांची मोजकी फार्म तेवढी उरली आहेत.

पण कोंबडीशी सिंगापूरचे नाते तुटले नाही. सात बेटे भराव घालून जोडलेल्या जुरोंग बेटावर २०१४मध्ये एव्होनिक या जर्मन कंपनीने मेथिओनीनचा कारखाना सुरू केला आणि २०१९मध्ये तेवढ्याच क्षमतेचा दुसरा. सुरू झाले तेव्हा प्रत्येकाची क्षमता वर्षाला दीड लाख टन होती. पेट्रोरसायनांपासून बनणारी ही पांढरी भुकटी आशियाभरच्या कोंबड्यांच्या खाद्यात मिसळली जाते.

तिची गरज का पडते? कोंबडीचे खाद्य मुख्यतः मका आणि सोयापेंड. लातूर-विदर्भाच्या सोयाबीनमध्ये लायसीन भरपूर असते, पण मेथिओनीन कमी पडते. पंगतीत ऐंशीच पत्रावळी असतील, तर भात कितीही रांधला तरी ऐंशीच माणसे बसतात. अमिनो आम्लांचे तसेच आहे. जे सर्वांत कमी, त्यावर शरीरातली प्रथिने किती बनतील ते ठरते.

हा हिशेब मांडण्यात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचा वाटा मोठा. विल्यम रोझ यांनी तिथे १९३५मध्ये थ्रिओनीन शोधले. मिचेल, स्कॉट आणि नंतर डेव्हिड बेकर यांनी ‘आदर्श प्रथिना’ची कल्पना घडवली: लायसीन १०० धरायचे आणि बाकीची अमिनो आम्ले त्याच्या प्रमाणात द्यायची. लायसीन जवळजवळ सगळे मांस बनवण्यातच खर्च होते, म्हणून माप त्याचे. पण त्यामुळे या तक्त्याचा मापदंड वाढ हाच झाला. वाढीचा वेगही तसाच बदलला. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७ आणि २००५च्या जातींचे पक्षी एकाच खाद्यावर वाढवले, तेव्हा ५६ दिवसांत जुना पक्षी सुमारे ९०० ग्रॅमचा झाला आणि नवा ४.२ किलोचा.

मग रोगाचे काय? ते काम प्रतिजैविकांकडे गेले. १९५०च्या सुमारास लेडर्ली कंपनीतल्या स्टोक्स्टाड आणि ज्यूक्स यांना दिसले, की खाद्यात थोडे ऑरिओमायसीन घातले तर पिल्ले भराभर वाढतात. पुढे अनेक दशके जगभर हेच चालले. औषधांना न जुमानणारे जंतू वाढू लागले, तेव्हा युरोपीय संघाने १ जानेवारी २००६पासून वाढीसाठी प्रतिजैविके देणे पूर्ण बंद केले. भारताने २०१९मध्ये पशुखाद्यातल्या कोलिस्टिनवर बंदी घातली, कारण ते माणसांसाठी राखून ठेवलेले शेवटच्या फळीतले औषध आहे.

इथे तो जुना तक्ता अपुरा पडू लागला. आजारी पक्षी कमी खातो, त्याचे मांस वाढणे मंदावते, म्हणजे लायसीनची गरज घटते. पण आतड्याला आतून झाकणारा बुळबुळीत थर थ्रिओनीनने समृद्ध असतो आणि आजारात तो जास्त झिजतो. मेथिओनीनपासून सिस्टीन आणि त्यातून पेशींना जपणारे ग्लुटाथिओन बनते. जंतू मारणाऱ्या पेशी आर्जिनीनपासून नायट्रिक ऑक्साइड तयार करतात आणि कोंबडीला आर्जिनीन स्वतः बनवताच येत नाही. म्हणजे निरोगी पक्ष्याचे प्रमाण आजारी पक्ष्याला तसेच्या तसे लागू पडत नाही. नुसती प्रथिने वाढवणे हाही उपाय नाही. न पचलेली प्रथिने आतड्याच्या खालच्या भागात क्लॉस्ट्रिडियमसारख्या जंतूंना पोसतात आणि आतडी सडवणारा रोग बळावतो.

या उपायाची मर्यादाही ओळखायला हवी. फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू आढळला. लाखो पक्षी मारून पुरावे लागले. अशा विषाणूपुढे खाद्यातला समतोल टिकत नाही. तिथे शेडची शिस्त, लवकर निदान आणि शेतकऱ्याला वेळेवर भरपाई हेच कामाला येते. समतोलाचे खरे काम रोजच्या, न गाजणाऱ्या आतड्याच्या रोगांत आहे, आणि प्रतिजैविकांचा सर्वांत सवयीचा वापरही तिथेच होत आला आहे.

आज महाराष्ट्रातले अनेक शेतकरी कराराने कोंबड्या वाढवतात. पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीची; शेड, वीज आणि श्रम शेतकऱ्याचे. किती खाद्यात किती वजन आले आणि मर किती झाली, यावर त्याचा मोबदला ठरतो. पण त्या खाद्यात थ्रिओनीन किती, आर्जिनीन किती, हे त्याला कोणी विचारत नाही. प्रतिजैविके खरोखर कमी व्हायची असतील, तर खाद्याचे सूत्र वजनाबरोबर मरीचाही हिशेब करून बनले पाहिजे, आणि त्यात काय आहे हे शेड सांभाळणाऱ्याला कळले पाहिजे.