ताळा जुळला!

बँकेत एकवीस वर्षे बेरजा करून माझे एक मत झाले आहे. आकड्यासारखा गरीब प्राणी नाही. तो कधी खोटे बोलत नाही. खोटे बोलते ते त्याच्या पाठीवर बसलेले माप.

आपला तोळाच घ्या ना. सासूबाईंच्या पाटल्या चार तोळ्यांच्या, सूनबाईंच्याही चारच तोळ्यांच्या. पण जुना तोळा 11.66 ग्रॅमचा आणि हल्ली सराफ देतात तो 10 ग्रॅमचा! नाव तेच, तोळा मात्र वाळला. गॅलनचेही तसेच. इंग्लंडचा सुमारे साडेचार लिटरचा, अमेरिकेचा पावणेचारचा.

पाटल्यांत घोळ झाला तर फार तर घरात दोन दिवस अबोला. विमानात झाला तर?

23 जुलै 1983. एअर कॅनडाचे नवे कोरे बोइंग 767 माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले. इंधनाचे मीटर बंद, म्हणून टाकीतले तेल पट्टीने मोजले. भरले 7,682 लिटर. हवे होते 22,300 किलो. लिटरचे किलो करायला 0.8 ने गुणायचे. पण कॅनडा तेव्हा पौंड सोडून किलो धरत होता. कंपनीची जुनी विमाने पौंडांत, हे नवे किलोत. गुणले जुन्या सवयीच्या 1.77 ने, म्हणजे आले पौंड! सुमारे 20,000 लिटरऐवजी 4,917 लिटर घालून मंडळी निघाली. ओटावाला पुन्हा तपासणी झाली, तीही 1.77 नेच. ताळा जुळला! चुकीची बेरीज त्याच चुकीने तपासली की हमखास जुळते. कुठल्याही कारकुनाला विचारा.

41,000 फुटांवर तेल संपत आले आणि एकामागून एक दोन्ही इंजिने थांबली. आत 69 माणसे. नशिबाने कॅप्टन पिअरसन ग्लायडर चालवण्यात मुरलेले. त्यांनी ते धूड तरंगत आणून गिमलीच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर उतरवले. तिथे त्या दिवशी मोटारींच्या शर्यती भरलेल्या! तरीही सगळे वाचले.

यात अडाणी कोणीच नव्हते. माप बदलायला कायदा पुरतो, हाताचे वळण बदलायला पुरत नाही. म्हणून मला आपल्या नव्या पैशाचे कौतुक वाटते. 1957 साली रुपयाचे 64 ऐवजी 100 पैसे झाले, तेव्हा सरकारने नाण्यांवर चक्क ‘नया पैसा’, ‘नये पैसे’ असे छापले आणि 1964 पर्यंत तो ‘नया’ काढला नाही. शब्द एवढासा, पण पैसा कुठला हा वादच मिटला.

तेव्हा कोणी नुसता आकडा फेकला, तर आधी विचारावे, “कशाचे?” समोरचा चिडेल, चिडू दे. विमान तर पोचेल!