क्रॉफर्ड प्रकरण

मुंबई इलाख्याच्या मध्य विभागाचे कमिशनर आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड यांनी आपल्या अमलाखालील मामलेदारांकडून नेमणुका, बढत्या व सोयीच्या बदल्या यांसाठी पैसे घेतल्याच्या आरोपावरून १८८८-८९ साली पुणे येथे झालेली चौकशी, आणि तिच्यातून उद्भवलेला मामलेदारांचा वाद, यांस ‘क्रॉफर्ड प्रकरण’ म्हणतात.

क्रॉफर्ड हे मुंबई शहराचे पहिले म्युनिसिपल कमिशनर होत. १८६५ पासून १८७१ पर्यंतच्या त्यांच्या कारकीर्दीत शहराची स्वच्छता, रस्ते आणि बाजार यांचे रूप पालटले; पुढे महात्मा जोतिबा फुले यांचे नाव दिलेली मंडई क्रॉफर्ड यांच्याच नावाने उभी राहिली, आणि ते जुने नाव लोकांच्या तोंडून अद्याप गेलेले नाही. परंतु पैसा खर्च करताना तिजोरीकडे पाहण्याची त्यांना सवय नव्हती, आणि त्या उधळपट्टीने संतापलेल्या करदात्यांनी १८७१ मध्ये मोठी चळवळ केली. तरुण फिरोजशहा मेहता यांनी त्या वेळी प्रवाहाविरुद्ध जाऊन क्रॉफर्ड यांची बाजू घेतली; कमिशनराचे अधिकार छाटण्याने काही साधणार नाही, त्याला जाब विचारणारे लोकनियुक्त मंडळ हवे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १८७२ च्या कायद्याने चौसष्ट सभासदांचे मंडळ स्थापन झाले व त्यांपैकी बत्तीस जागा करदात्यांच्या मताने भरावयाच्या ठरल्या. एका बेफिकीर अधिकाऱ्याच्या निमित्ताने शहरास एक संस्था लाभली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कारण त्याच अधिकाऱ्याच्या दुसऱ्या प्रकरणात तसे काही घडले नाही.

पुण्यास कमिशनर म्हणून आल्यावर क्रॉफर्ड यांच्या हाती जी सत्ता आली ती मुंबईतील सत्तेहून वेगळ्या जातीची होती. सहा जिल्ह्यांच्या मुलकी कारभारावर त्यांची देखरेख असे, आणि मामलेदाराची बढती, त्याची गैरसोयीच्या तालुक्यात होणारी रवानगी किंवा तीतून सुटका ही बहुतांशी त्यांच्या मर्जीवर अवलंबून असे. तालुक्याचा वसूल, दप्तर आणि फौजदारी कामे ज्याच्या हाती, तो मामलेदार रयतेच्या दृष्टीने सरकारच होता. पण कमिशनरच्या कचेरीत तोच अर्जदार म्हणून ताटकळत असे. क्रॉफर्ड यांची राहणी खर्चिक होती, डोक्यावर कर्जाचा डोंगर होता, आणि हणमंतराव राघवेंद्र हे गृहस्थ त्यांच्या वतीने मामलेदारांशी व्यवहार ठरवितात, असा बोभाटा दक्षिणेत बराच काळ चालू होता. बोभाट्याचा पुरावा होत नाही, आणि वरिष्ठाविरुद्ध कागद करण्यास कोणी धजत नव्हता; ज्याने पैसे दिले तोही कायद्याने गुन्हेगारच होता, हे त्याचे साधे कारण.

ही कोंडी फोडण्यासाठी गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने चौकशीचे काम ओमॅनी या अधिकाऱ्याकडे सोपविले, आणि जे मामलेदार खरी हकीकत सांगतील त्यांना शिक्षा होणार नाही, त्यांची नोकरीही जाणार नाही, अशी हमी दिली. १८८८ च्या पावसाळ्यात क्रॉफर्ड यांना तहकूब करण्यात आले. तेव्हा ते पुण्यातून नाहीसे झाले व वेषांतर करून मुंबईत गेले असता तेथे पकडले गेले. हणमंतराव यांच्यावर फौजदारी खटला होऊन त्यांना कैदेची शिक्षा झाली. स्वतः क्रॉफर्ड यांची चौकशी १८५० च्या सरकारी नोकरांच्या चौकशीच्या कायद्यान्वये नेमलेल्या त्रिसदस्य मंडळापुढे झाली. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती विल्सन त्याचे अध्यक्ष असून क्विंटन व क्रॉस्थवेट हे सभासद होते. मंडळाने लाचेचा आरोप शाबीत मानला नाही, हाताखालच्या प्रदेशातील लोकांकडून नियम मोडून कर्जे घेतल्याचा दोष मात्र कायम केला. मुंबई सरकारला हा निर्णय पटला नाही. अखेर क्रॉफर्ड यांना नोकरीतून दूर करण्यात आले.

यानंतर वादाचे केंद्र पालटले, आणि या प्रकरणाचा खरा बोधप्रद भाग येथूनच सुरू होतो. लाच दिल्याची कबुली देणारे लोक न्यायदानाच्या जागी कसे ठेवता येतील, असा सवाल अँग्लो-इंडियन पत्रांनी व विलायतेतील काही मंडळींनी उपस्थित केला, आणि पदांची खरेदी-विक्री करणारा त्या पदास अपात्र ठरतो असा तिसऱ्या जॉर्जच्या काळातील एक इंग्रजी कायदा त्यांनी पुढे केला. आक्षेप निराधार होता असे म्हणवत नाही. पण सरकारने स्वतःच्या गरजेपोटी दिलेले वचन साक्ष पदरात पडल्यावर कायद्याचा आधार काढून मोडावे, आणि मुख्य आरोपी लाचेतून सुटत असता त्याच्याविरुद्ध बोलणाऱ्यांनी भाकरी गमवावी, यातील विपरीतपणा पुण्याच्या लोकांच्या तत्काळ लक्षात आला. टिळकांनी हा प्रश्न हिरिरीने हाती घेतला, सप्टेंबर १८८९ मध्ये पुण्यात जाहीर सभा भरली, आणि पार्लमेंटातील ब्रॅडलॉ यांच्यासारख्या मित्रांकडे मामलेदारांची कैफियत पाठविण्यात आली. त्याच वर्षी साक्षीदारांना खटल्यांपासून संरक्षण देणारा कायदा हिंदुस्थान सरकारने केला खरा, परंतु जुलमाने पैसे दिलेले व आपखुशीने दिलेले असा भेद करून दुसऱ्या वर्गातील मामलेदारांना काढण्यात आले, व नुकसानभरपाईने त्यांची समजूत घालण्यात आली.

मामलेदाराने वर दिलेली रक्कम तो खालून कशी भरून काढतो, हे दक्षिणेतील कोणत्याही पाटलास ठाऊक होते. तथापि साक्षीदार म्हणून मामलेदार आले, वकील म्हणून बॅरिस्टर आले; ज्याच्या पदरचा पैसा होता त्या कुणब्याची जबानी या चौकशीचा विषयच नव्हती. मुंबईच्या करदात्याला १८७२ मध्ये निदान मत मिळाले होते. मध्य विभागाच्या रयतेपुढे कमिशनराने उत्तर द्यावे, ही कल्पना टिळकपक्षाच्या मागण्यांतही आढळत नाही. त्यांचा सारा भर वचनपालनावर होता.

१८५० चा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला. एस. ए. वेंकटरामन या सनदी अधिकाऱ्याची चौकशी त्याच कायद्याखाली झाली, आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, ही चौकशी म्हणजे फौजदारी खटला नव्हे. सबब तीनंतर बडतर्फ झालेल्या अधिकाऱ्यावर त्याच कृत्यांबद्दल न्यायालयात खटला भरण्यास घटनेची आडकाठी नाही.